सात टेबलं, एक टपाल

(पुणे, नारायण पेठ. सकाळचे साडेदहा. जिन्यात चपलांची रांग.)

भिंतीवर कालनिर्णय. ७, ११, १५, २०. दर महिन्याला या चार तारखांभोवती लाल पेनने गोल केलेला असतो. सातला टीडीएस, अकराला जीएसटीआर-१ म्हणजे जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र, पंधराला पीएफ, वीसला जीएसटीचंच दुसरं विवरणपत्र, ३बी. हे एका सीएंचं ऑफिस आहे. सर, दोन पगारी माणसं आणि चार आर्टिकल, म्हणजे सीए होण्यासाठी उमेदवारी करणारी मुलं-मुली. सात टेबलं, अडीच खोल्या.

घरच्या कालनिर्णयावर आपण दुधाचा खाडा मांडतो, सिलिंडर कधी लावला ते लिहितो. लिहितो कुणीही, वाचतं सगळं घर. ऑफिसचं तरी वेगळं काय असतं? फक्त चाकणला ऑडिटला गेलेल्या मुलाला नारायण पेठेतली भिंत दिसत नाही.

इथला ईमेल, संपर्क आणि कॅलेंडर सगळ्यांचं एकत्र करायचं काम मी हातात घेतलं ते एका नोटिशीमुळे. एका दुकानदाराची जीएसटी नोंदणी करताना घाईघाईत एका आर्टिकलने स्वतःचाच ईमेल देऊन टाकला होता. पुढे त्याची आर्टिकलशिप संपली, तो गेला. विवरणपत्रातल्या तफावतीची नोटीस त्याच्या इनबॉक्समध्ये येऊन पडली. उत्तराला मुदत ३० दिवस. जीएसटी कायद्याच्या कलम १६९ प्रमाणे नोंदवलेल्या ईमेलवर नोटीस पाठवणं हा ती बजावण्याचा रीतसर मार्ग आहे. बाविसाव्या दिवशी दुसऱ्याच कामासाठी जीएसटीचं पोर्टल उघडलं, तेव्हा ती दिसली. उत्तर वेळेत गेलं, पण ते आठ दिवस ऑफिसात कुणी धड जेवलं नाही.

यात मी त्या मुलाला दोष देत नाही. आर्टिकल येतो तोच जाण्यासाठी. पूर्वी तीन वर्षांनी जायचा, नव्या योजनेत दोन वर्षांनी जातो. मग क्लायंटचा पत्ता जाणाऱ्या माणसाच्या नावावर असावाच का?

(कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर. झाकणावर धूळ.)

ऑफिसचा एक ईमेल होताही, पण तो या एका कॉम्प्युटरवर उघडायचा. जोडणी ‘पॉप’ पद्धतीची. पॉप म्हणजे पोस्टातून टपाल उचलून घरी आणणं. एकदा इथे उतरलं की सर्व्हरवर बहुधा काही उरत नाही. हार्ड डिस्क बसली आणि चार वर्षांचा पत्रव्यवहार तिच्याबरोबर गेला. दुसरी पद्धत ‘आयमॅप’. मार्क क्रिस्पिन यांनी ती १९८६ मध्ये स्टॅनफर्डला बांधली. तिच्यात टपाल सर्व्हरवरच राहतं आणि सातही जण तेच टपाल बघतात. एकाने वाचलं की सगळ्यांकडे ‘वाचलेलं’ दिसतं.

तर आधी ऑफिसच्या नावाचं डोमेन घेतलं. त्याच्या नोंदींमध्ये टपाल कुठे पोचवायचं ते लिहिलं. आमच्या नावाने कोण पाठवू शकतं, ती एसपीएफ आणि डीकेआयएमची नोंदही केली. ही नसेल तर आपलं पत्र समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊन पडू शकतं. मग कामांच्या नावाने पेट्या केल्या. एक जीएसटीची, एक आयकराची, एक नोटिशींची. माणसांचे पत्ते वेगळे, पेट्या वेगळ्या. एकच पासवर्ड सगळ्यांना वाटून टाकायचा, हे मी होऊ दिलं नाही. प्रत्येकाने आपल्या खात्यातून शिरायचं आणि पेटी उघडायची. पत्र हातात घेतलं की त्यावर आपल्या नावाची खूण लावायची. ‘मला वाटलं तू उत्तर दिलंस’ हे वाक्य या ऑफिसात फार महाग पडलेलं आहे.

संपर्कांना मात्र तीन दुपारी गेल्या.

दोन पगारी माणसांपैकी एक म्हणजे ताई. त्या गेली एकोणीस वर्षं इथे आहेत. त्यांची निळ्या पुठ्ठ्याची वही मधे ठेवली आणि सगळ्यांनी आपापले फोन काढले. एकाच माणसाची नावं बघा: ‘मिठाईवाले काका’, ‘काका टॅक्स’, ‘काका नवीन नंबर’. ताई वहीतून मोठ्याने वाचत होत्या, आर्टिकल फोनमध्ये शोधत होते. जोड लागेना. शेवटी एका मुलीला सुचलं, जीएसटी क्रमांक घेऊया. पंधरा अक्षरांचा असतो तो. पहिले दोन आकडे राज्याचे, आपले २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे थेट पॅन. पॅन एक, तर माणूस एक. त्यानंतर कामाला वेग आला. आता प्रत्येक नोंदीत आधी दुकानाचं नाव, मग माणसाचं, मग पॅन. एका नोंदीत ताईंनी स्वतःहून टाकलंय: ‘दुपारी २ ते ४ फोन करू नये.’ एकोणीस वर्षांचं हे शहाणपण आजवर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

हे संपर्क आणि कॅलेंडर फोनमध्ये उतरतं ते कार्डडॅव्ह आणि कॅलडॅव्ह या खुल्या पद्धतींनी. आयफोनमध्ये ही सोय मुळातच आहे. अँड्रॉइडवर त्यासाठी एक छोटं ॲप घालावं लागलं. खुली पद्धत मी मुद्दाम निवडली. उद्या ईमेलची सेवा देणारी कंपनी बदलावी लागली, तर वही आपल्या हातात राहते.

कॅलेंडरमध्ये दरमहाच्या तारखा आहेत, आगाऊ कराचे चार हप्ते आहेत, ३० सप्टेंबरचं टॅक्स ऑडिट आहे. त्याची खरी परीक्षा होते ती मुदतवाढीत. रात्री परिपत्रक येतं, तारीख पुढे जाते. पूर्वी ती सात डायऱ्यांमध्ये खोडावी लागायची आणि आठवी, म्हणजे भिंतीवरची, तशीच राहायची. आता ताई एका ठिकाणी बदलतात.

(शनिवार, संध्याकाळ. एका आर्टिकलचा शेवटचा दिवस. टेबलावर वेफर्स आणि केक.)

जीएसटी क्रमांकाची युक्ती सुचलेली ती हीच मुलगी. पूर्वी निरोपाच्या दिवशी जाणाऱ्याच्या फोनमधले नंबर कागदावर उतरवून घेत असत, निम्मे राहून जात. तिने टेबलाची किल्ली दिली. सरांनी तिच्यासमोरच तिचं खातं बंद केलं. नोटिशींच्या पेटीत तिच्या नावाची तीन पत्रं उघडी होती. ताईंनी त्यांवरची खूण बदलली आणि केक कापायला सुरी शोधू लागल्या.