चाल बांधणारा गायला बसतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

तांबड्या-पांढऱ्या रश्शावर आणि तालमींवर आपण कोल्हापूरकर तासभर बोलू. पण सुधीर फडके आपल्या गावचे, याची मात्र आपल्यालाच आठवण करून द्यावी लागते! २५ जुलै १९१९ ला ते इथं जन्मले. मूळचं नाव राम. गाणं शिकले ते वामनराव पाध्ये यांच्याकडे.

पुढं ग्रामोफोन कंपनी, १९४६ चा प्रभातचा ‘गोकुळ’, मग मराठी चित्रपटांची रांगच. ती यादी मी वाचत नाही. मला बोलायचंय ते एवढंच, की चाल बांधणारा माणूस स्वतः गायला बसला की काय होतं.

परक्याची चाल मिळाली की गायकाला ती नटवावीशी वाटते. बाबूजी, म्हणजे आपले फडके, स्वतःच्या चालीवर दागिने चढवत नसत. गळ्यात मुरकी, म्हणजे सुरांची छोटीशी गिरकी, तयार असायची, पण तिच्यापायी शब्द तुटणार असेल तर ती खुशाल सोडून द्यायची. म्हणून त्यांचं गाणं स्वयंपाकघरातून अर्धवट कानावर आलं तरी अक्षर न् अक्षर कळतं.

१९५४ मध्ये दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिलढ्यात उतरलेला हा माणूस १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू करतो. गदिमांचं गीत हाती यायचं, चाल बसायची, तालीम, ध्वनिमुद्रण, की पुढचा आठवडा दारात उभा. अशी छप्पन्न गीतं! रेडिओत काम केलेल्या कुणालाही विचारा, एक कार्यक्रम वेळेवर देताना काय धांदल उडते ती.

तेव्हा लताबाई, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे असे वेगवेगळे आवाज होते. नंतर मात्र बाबूजी पेटी घेऊन बसले आणि सगळंच गायले. कौसल्येचं, सीतेचंही, आवाज न बदलता. मला हे जास्त अवघड वाटतं. पात्र उभं करायला फक्त शब्दावरचा जोर आणि किंचितसा थांबा, एवढंच हाताशी.

आता भरताची समजूत घालणारं, यमन कल्याणावर बांधलेलं गीत लावतो आहोत. कडव्यामागून कडवी येतात. राम भरताला ‘दोष ना कुणाचा’ असं म्हणतो, तिथं आवाज कुठं चढतो आणि कुठं आवरतो, तेवढं ऐका. रेडिओचा आवाज थोडा वाढवा.