हातचा न येणारी संख्या

[काळा पडदा. एकेक अंक उमटत जातो: १२३४५६७८९८७६५४३२१]

सतरा अंकी संख्या. एकपासून चढत नऊपर्यंत जाते आणि तशीच उतरत एकवर येते. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, तीच. किंमत १२३ कोटी कोटींच्याही वर. आणि ती तयार होते फक्त एक या अंकातून. नऊ वेळा १ लिहायचा, आणि १११११११११ ला त्याच संख्येने गुणायचं.

[कागदावर हाताने मांडलेला गुणाकार]

शाळेत मांडायचो तसाच मांडू. प्रत्येक ओळीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. आता उभी बेरीज. उजवीकडच्या पहिल्या घरात एकटा १. शेजारी दोन. मग तीन, चार... मधल्या घरात नऊच्या नऊ ओळी एकमेकींखाली येतात, तिथे ९. तिथून पुढे वरच्या ओळी एकेक करून संपत जातात: ८, ७, ६... पूर्ण बेरजेत एकदाही हातचा येत नाही. या संख्येचं सगळं देखणेपण त्यातच आहे.

दहा एक घेऊन बघा. मधल्या घराची बेरीज १०. शून्य मांडलं, हातचा एक. पुढच्या घरातल्या नवाचे दहा झाले. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. त्यापुढच्या आठाचे नऊ झाले आणि हातचा तिथे थांबला. उत्तर: १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा ८ गेला!

[जुनं रेल्वे स्टेशन]

१२१, १२३२१ अशा संख्यांचं हे कुळ. त्याला नाव दिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म १९०५, डहाणू. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. जग त्यांना ६१७४ या संख्येमुळे, म्हणजे ‘कापरेकर स्थिरांका’मुळे ओळखतं, पण मला त्यांचं हे कुळ अधिक जवळचं वाटतं: डेम्लो संख्या. जी.आय.पी. रेल्वेवरच्या (आजची मध्य रेल्वे) डेम्लो स्टेशनात, म्हणजे आजच्या डोंबिवलीत, त्यांना ही कल्पना सुचली. म्हणून ते नाव.

[पुन्हा आकडे]

आपल्या सतरा अंकांची बेरीज ८१. त्याच ८१ ने संख्येला भागा. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. आणि हा भागाकारसुद्धा पूर्ण वर्ग आहे, १२३४५६७९ चा. ही संख्या नीट पाहा. हिच्यातही ८ नाही. हिला ९ ने गुणलं की नऊ एक येतात, १८ ने नऊ दोन, २७ ने नऊ तीन.

इथला ८ कुठे गेला? त्यासाठी १ ला ८१ ने भागू. १/८१ म्हणजे १/९ गुणिले १/९. दशांशात ०.१११... गुणिले ०.१११... हा मघाचाच गुणाकार, फक्त एकांची रांग आता संपत नाही. घराघरांत बेरजा येतात ७, ८, ९, १०, ११... दहाचा हातचा नवावर जातो, नवाचं शून्य होतं. त्याचा हातचा आठावर, आठाचे नऊ. उत्तर येतं ०.०१२३४५६७९०१२३४५६७९०१२३४५६७९..., आणि ०१२३४५६७९ हाच गट अखंड चालू राहतो.