एका बोटानं दाखवा

[दृश्य: यवतेश्वर घाट, पहाट. धुकं. बुटांचा आवाज आधी, माणसं नंतर.]

पहाटेचे साडेपाच. समर्थ मंदिराचा चौक मागे पडला की साताऱ्याचे दिवे हळूहळू खाली जातात आणि यवतेश्वराचा घाट पायाखाली येतो. पावसाळ्यातल्या रविवारी इथं गाड्यांपेक्षा पळणारी माणसं जास्त भेटतात. 2012 साली सातारा हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली, तेव्हापासूनचं हे वेड. 21 किलोमीटर, आधी चढ आणि मग तोच उतार. 2015 साली 2,618 धावपटूंच्या जोरावर डोंगरावरच्या शर्यतीचा गिनीज विक्रम या घाटाच्या नावावर लागला.

मी या गर्दीत उशिरा आले. वय 43, नोकरी बँकेत, पळायला लागून सहा वर्षं. चढाला माझी छाती बोलते, उताराला सांधे. दोन वर्षांपूर्वी ते फारच बोलायला लागले.

[दृश्य: अंधारी खोली. कूस बदलणारी बाई.]

सुरुवात पळताना झालीच नाही. झाली रात्री, झोपेत. उजव्या कुशीवर वळलं की जाग यायची. सकाळी पहिली दहा पावलं लंगडत, मग सगळं ठीक. पळताना तर दुखायचंच नाही, म्हणून मी पळत राहिले. संध्याकाळी जिना चढताना पुन्हा कळ.

घरी सांगितलं, “कंबर दुखतेय.” सासूबाई म्हणाल्या, “या वयात रस्त्यानं पळायचं म्हणजे दुसरं काय होणार? सांधे झिजतील, सूनबाई.” मालीशवाले काका म्हणाले, शीर चमकलीय. एका दवाखान्यात सायटिका ठरला. मणक्याचा एक्स-रे झाला, पट्टा मिळाला, गोळ्या मिळाल्या. पट्टा बांधून मी अडीच महिने काऊंटरवर बसले. पट्टा चांगला होता, बिचाऱ्याचा काही दोष नाही. तो फक्त चुकीच्या जागी होता.

आमच्याच ग्रुपमधली एक मैत्रीण, वय 29. त्याच महिन्यात तिनंही हेच वाक्य म्हटलं: “माझी पण कंबर दुखतेय गं.” आम्ही दोघी एकमेकींना फोम रोलर उसना देत होतो.

मराठीत कंबर या शब्दात फार काही मावतं. पाठीचा खालचा भाग म्हणजे कंबर. साडीचा काठ बसतो ती कंबर. आणि लाँग रननंतर मांडीच्या वर, बाजूला, मागे, पुढे, जिथं कुठं ठणकेल तीही कंबरच. खुबा हा अचूक शब्द आपल्याकडे आहे, पण तो आपण आजीसाठी राखून ठेवलाय. न्हाणीघरात पडल्यावर आजीचा खुबा मोडतो. पळणाऱ्यांना खुबा असतो हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

[दृश्य: फिजिओथेरपिस्टची खोली. टेबलावर हाडांचा नमुना.]

फिजिओथेरपिस्टनं किती दुखतं हे विचारलंच नाही. म्हणाली, “कुठं दुखतं ते एका बोटानं दाखवा. तळहातानं नाही, बोटानं.”

माझं बोट गेलं मांडीच्या बाहेरच्या बाजूला, पँटच्या खिशाजवळ हाडाचा जो उंचवटा लागतो त्यावर. तिनं तिथं दाबलं आणि मी टेबलावरून उठलेच.

खुबा म्हणजे शाळेत शिकलेला उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोळा ओटीपोटाच्या हाडातल्या वाटीत फिरतो. हा सांधा खोल असतो आणि बाहेरून चाचपता येत नाही. तो दुखला तर बहुतेक वेळा जांघेत दुखतो, पुढच्या बाजूला. बुडाच्या मागून पायात खाली उतरणारी कळ असेल, तर संशय मणक्यावर घ्यायचा. आणि बाहेरच्या उंचवट्यावर दुखत असेल तर गोष्ट सहसा सांध्याची नसते. खुब्याच्या बाजूचे स्नायू ज्या दोरीनं त्या हाडाला बांधलेले असतात, त्या कंडरेची ती तक्रार असते. माझी तक्रार तीच होती.

हे स्नायू काय करतात? पळताना प्रत्येक क्षणी आपण एका पायावर असतो किंवा हवेत. दोन्ही पाय जमिनीवर, असं कधीच नसतं. एका पायावर उभं राहिलं की उरलेलं सगळं अंग दुसऱ्या बाजूला झुकू बघतं. चैत्रात शिंगणापूरच्या मुंगी घाटातून कावड चढते, ती आठवा. कावडीचा खांदा बरोबर मध्ये असतो. आता तो एका टोकाजवळ आहे असं समजा. लांब बाजूला शरीराचं वजन, आखूड बाजूला हा स्नायू. तोल राखायचा तर आखूड बाजूनं वजनापेक्षा कितीतरी जास्त ओढावं लागणार. वजन आणि ओढ दोन्ही मिळून गोळा वाटीत दाबतात. म्हणून साधं चालतानाही खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो, आणि पळताना तो पाच पटीच्या आसपास जातो.

स्नायू थकला की पलीकडची बाजू खाली पडते. जर्मन शल्यचिकित्सक फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी 1895 साली हे लक्षण नोंदवलं. आमच्या फिजिओला त्यासाठी आरसा आणि मोबाइल पुरला. तिनं माझ्या कमरेच्या पट्टीवर पांढरा टेप चिकटवला, ट्रेडमिलवर पळायला लावलं आणि मागून व्हिडिओ काढला.

[दृश्य: तोच व्हिडिओ, संथ गतीत. पांढरी रेघ डावीकडे कलते, सरळ होते, पुन्हा कलते.]

उजवा पाय टेकला की रेघ डावीकडे पडतेय. प्रत्येक पावलाला. शिवाय माझे पाय एका दोरीवरून चालल्यासारखे एकापुढे एक पडत होते. त्यामुळे मांडी आत झुकते आणि कंडरा उंचवट्यावर चेपली जाते. पायावर पाय टाकून बसणं, पंगतीत दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बसणं, काऊंटरमागे एका पायावर भार देऊन रेलणं, आणि मी हौसेनं रोज करत होते तो आडवा स्ट्रेच, या सगळ्यानं ती आणखीच चेपते. दुखतंय म्हणून ताणत होते, ताणतेय म्हणून दुखत होतं.

मला हवं होतं इंजेक्शन. सप्टेंबरातली शर्यत जवळ आली होती, बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घेऊन ठेवला होता. तिनं मला ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीचे आकडे दाखवले, 2018 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेले. याच दुखण्याचे 204 रुग्ण, तीन गट. आठ आठवड्यांनी व्यायाम आणि दुखण्याची नीट माहिती दिलेल्या गटातल्या 77 टक्के लोकांना बरं वाटत होतं. स्टेरॉइडच्या इंजेक्शनवाल्यांत 58 टक्के, नुसती वाट पाहणाऱ्यांत 29 टक्के. बँकेतल्या माणसाला आकडे दाखवले की तो गप्प होतो.

त्या वर्षी मी पळाले नाही.

[दृश्य: रिकामा घाट. फक्त पाऊस.]

मैत्रिणीचं बोट मात्र जांघेत गेलं होतं. खरं तर तिला बोटानं दाखवताच येईना. अंगठा मागे आणि बोटं पुढे, असा तिनं खुब्याला पंजाच घातला. एका पायावर उडी मारायला सांगितली, तर तिनं मान हलवली. रात्री पडल्या पडल्याही ठणकत होतं. एक्स-रे साफ आला. पण पळणाऱ्यांच्या हाडात आलेली बारीक तडा सुरुवातीला एक्स-रेत बहुधा दिसत नाही, म्हणून एमआरआय केला.

मांडीच्या हाडाची मान, गोळ्याच्या अगदी खाली. तिथं तडा होती.

नशीब म्हणायचं, मानेच्या खालच्या बाजूला. त्या बाजूला हाड दाबलं जातं, त्यामुळे विश्रांतीनं भरून येण्याची शक्यता चांगली असते. वरच्या बाजूला हाड ताणलं जातं. तिथली तडा फाकू शकते, आणि मग बहुधा स्क्रू घालावे लागतात. अशी तडा घेऊन पळत राहिलं तर हाड सरकतं आणि गोळ्याचा रक्तपुरवठाच तुटू शकतो. याच रक्तपुरवठ्यासाठी एक आडवळणाची सूचना: स्टेरॉइडनंही तो तुटू शकतो, म्हणून कोविडच्या वेळी ज्यांना स्टेरॉइड द्यावी लागली होती, त्यांनी जांघेतलं दुखणं तर अजिबात अंगावर काढू नये.

डॉक्टरांनी तिला विचारलं, “पाळी नियमित आहे का?” तिला वाटलं, विषय बदलला. पाळी चार महिने आली नव्हती. वजन आठ किलो उतरलं होतं आणि आम्ही सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं. मंगळवार, संकष्टी, एकादशी. उपवासाच्या दिवशी पहाटे 16 किलोमीटर आणि मग दिवसभर चहा नि वाटीभर साबुदाणा. पळण्यापुरतंही खाल्लं नाही तर शरीर पाळी बंद करतं, हाडाची डागडुजीही थांबवतं. सहा आठवडे ती कुबड्यांवर होती. उपवास तिनं सोडले नाहीत; त्या दिवशी पळणं सोडलं. तिच्या आईला ते पटलं, मलाही.

[दृश्य: घराचा जिना. पायरीवर चढ-उतार करणारे पाय.]

माझा व्यायाम दाखवण्यासारखा नाही. भिंतीला हात न लावता एका पायावर उभं राहणं. पायरीवर चढणं, उतरणं, पण रेघ न पडू देता. गुडघ्यांवर रबर बांधून खेकड्यासारखं आडवं चालणं. झोपताना दोन गुडघ्यांत उशी. दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, दुसऱ्या सकाळी वाढलेलं चालणार नाही. पळायला लागले तेव्हा पावलं आखूड केली, मिनिटाला 160 ऐवजी 170. घाटात रस्त्याची एकच कड धरणं बंद केलं, कारण रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो.

सासूबाईंनाही आकडे दाखवले. 2017 सालच्या एका एकत्रित अभ्यासात हौशी धावपटूंपैकी 3.5 टक्के लोकांना खुब्याची किंवा गुडघ्याची झीज होती, न पळणाऱ्यांत 10.2 टक्के. मात्र स्पर्धेत जीव तोडून पळणाऱ्यांत 13.3. त्यांनी शेवटचा आकडा तेवढा लक्षात ठेवला.

[दृश्य: सप्टेंबर. शर्यतीची गर्दी, ढोल, घाटाचं पहिलं वळण.]

यंदा मी चढ पळत गेले आणि उताराचा बराच भाग चालत उतरले. मैत्रीण खाली पाणी वाटत होती. घरी येऊन मुलानं मागून काढलेला व्हिडिओ पाहिला. चौदाव्या किलोमीटरपर्यंत रेघ सरळ आहे.

पंधराव्याला ती पुन्हा डावीकडे कललेली दिसते.