चात्या, कर्ज आणि नेमणुका: चीन १९९८

जानेवारी १९९८, शांघाय. गिरणीतल्या सूत कातायच्या चात्या घणाने फोडल्या जात आहेत. विकल्या का नाहीत? विकलेली चाती दुसऱ्या गिरणीत पुन्हा फिरू लागते, आणि सूत आधीच गरजेपेक्षा जास्त. सरकारी फर्मान साधं होतं: तीन वर्षांत १ कोटी चात्या भंगारात, १२ लाख कामगार कमी. दर १० हजार चात्यांमागे ३० लाख युआन अनुदान. आपल्या गिरणगावात गिरण्या वर्षानुवर्षं रखडत मेल्या. इथे तारीख ठरवून.

त्याआधी सहा महिने, २ जुलै १९९७ ला, थायलंडचं चलन बाट कोसळलं होतं. पाठोपाठ इंडोनेशिया, दक्षिण कोरिया. भांडवलाच्या ये-जावर बंधनं असल्याने चीनला युआन डॉलरमागे ८.२८ च्या आसपास धरून ठेवता आला. पण निर्यात मंदावली, आणि सरकारी कारखान्यांची थकलेली कर्जं झाकून ठेवणं अवघड झालं.

मार्चमध्ये झू रोंगजी पंतप्रधान झाले. मंत्रालयं ४० वरून २९ वर आली. खरी गंमत बँकांत आहे. बँकांनी ठेवींपैकी मध्यवर्ती बँकेकडे ठेवायच्या राखीव निधीचं प्रमाण १३ वरून ८ टक्क्यांवर आणलं. मोकळ्या झालेल्या पैशातून चार मोठ्या सरकारी बँकांनी अर्थमंत्रालयाचे २७ हजार कोटी युआनचे, ३० वर्षं मुदतीचे रोखे घेतले. मंत्रालयाने तीच रक्कम भांडवल म्हणून त्याच बँकांत घातली. या खिशातलं त्या खिशात! पुढच्या वर्षी चार नव्या सरकारी कंपन्यांनी सुमारे १.४ लाख कोटी युआनची बुडीत कर्जं बँकांकडून उचलली, तीही दर्शनी किमतीला, म्हणजे पूर्ण रकमेला. त्यासाठी त्यांनी काढलेल्या दहा वर्षांच्या रोख्यांची मुदत पुढे आणखी दहा वर्षं वाढवावी लागली.

आकड्यांपेक्षा नेमणुकांचा बदल मोठा. तोवर प्रांतातल्या पक्षनेत्याचा शब्द मोडून कर्ज नाकारणं शाखाप्रमुखाला परवडत नसे. म्हणून मध्यवर्ती बँकेच्या प्रांतवार शाखांऐवजी ९ विभागीय शाखा केल्या, आणि बँकांमधल्या वरिष्ठ नेमणुका पक्षाच्या केंद्रीय समितीच्या नव्या वित्त आयोगाकडे गेल्या. पक्षाचा हात बँकेवरून उठला नाही, फक्त बीजिंगचा झाला.

घरी बसवलेल्या कामगारांसाठी कारखान्यांतच पुनर्रोजगार केंद्रं निघाली: जास्तीत जास्त तीन वर्षं निर्वाहभत्ता, विम्याचे हप्ते, नव्या कामाचं प्रशिक्षण. खर्चाचे तीन वाटे: सरकार, बेकारी विम्यासारखे निधी आणि स्वतः कारखाना. घोडं अडलं ते तिसऱ्या वाट्यापाशी. कारखान्याकडे पगाराला पैसे नव्हते, म्हणून तर माणसं घरी बसली होती.