लहान मुलांचा हर्निया: दुर्बीण की छेद?

मंडळी, हल्ली आईवडील बाळाला घेऊन येतात आणि खुर्चीत बसायच्या आत विचारतात, ‘डॉक्टर, दुर्बिणीतूनच करणार ना?’ बाळाला नेमकं काय झालंय, हा प्रश्न त्यानंतर. आज मी क्रम उलटा करतो.

मुलगा गर्भात असताना त्याची वृषणं मूत्रपिंडाजवळ तयार होतात आणि सातव्या महिन्याच्या सुमारास जांघेतल्या वाटेनं खाली उतरू लागतात. उतरताना पोटाच्या आतल्या अस्तराची एक नळी सोबत येते. ती जन्माच्या आसपास बुजायला हवी. बुजली नाही, की बाळ रडलं-कुंथलं की आतडं तिच्यात उतरतं, तिची पिशवी होते आणि जांघेत फुगवटा दिसतो. हाच हर्निया. उजवं वृषण जरा उशिरा उतरतं, म्हणून साधारण ६० टक्के मुलांना हा उजवीकडे असतो. मुलींनाही होतो, कमी प्रमाणात. त्यांच्या पिशवीत कधी कधी अंडाशय उतरलेलं असतं. मोठ्या माणसांसारखा इथे पोटाचा स्नायू सैल पडलेला नसतो. ‘ह्याच्या आजोबांना जाळी बसवली होती, ह्यालाही लागेल का?’ नाही लागत. उघडी राहिलेली वाट मुळाशी बंद केली की काम झालं.

बेंबीचा हर्निया बहुतेक वेळा आपोआप मिटतो, त्यामुळे त्यावर रुपया बांधणाऱ्या आजीला फुकटचं श्रेय मिळतं. मागच्या रांगेत हसू आलं, म्हणजे अनुभव दिसतोय! जांघेतला मात्र पट्ट्यानं जात नाही की मालिशनं. उलट तो अडकू शकतो, आणि ही भीती पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त. फुगवटा कडक झाला, बाळ हात लावू देईना, रडणं थांबेना, हिरवी उलटी झाली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. वेळेत आलात तर बहुतेकदा हातानं हळूहळू आतडं आत सारता येतं आणि एक-दोन दिवसांनी सूज उतरल्यावर ऑपरेशन करता येतं. उशीर झाला तर आतड्याचा आणि वृषणाचाही रक्तपुरवठा तुटू शकतो. एरवी फुगवटा दिसला की मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दवाखान्यात आल्यावर तो हमखास गायब असतो!

आता ऑपरेशन. जुन्या पद्धतीत जांघेच्या घडीत दीड-दोन सेंटिमीटरचा छेद घेतात. पिशवीला चिकटलेली वीर्यनलिका आणि रक्तवाहिन्या अलगद सोडवायच्या आणि पिशवी मुळाशी बांधायची. तान्ह्या बाळात ही पिशवी इतकी पातळ असते की चिमटा जरा जोरात ओढला तर फाटते. पण सराव असलेल्या हाताला फार वेळ लागत नाही, आणि वण पुढे घडीतच लपतो. त्यामुळे ‘दुर्बिणीनं वण येत नाही’ ही जाहिरात मला इथे फारशी पटत नाही.

दुर्बीण बेंबीतून जाते, तीन ते पाच मिलिमीटरची. पोटात कमी दाबानं कार्बन डायऑक्साइड भरतात आणि ती वाट पडद्यावर चक्क उघडी दिसते. पोलंडचे बालशल्यचिकित्सक पाटकोव्स्की यांनी २००६ मध्ये मांडलेल्या पद्धतीत जांघेवर छेदच नाही, फक्त सुईचं भोक. सुईतून आलेला धागा अस्तराखालून वाटेच्या तोंडाभोवती फिरवायचा, बटव्याची नाडी ओढावी तसा ओढायचा आणि गाठ कातडीखाली सोडून द्यायची. सुईचं टोक अस्तराखालून सरकताना दिसत राहतं. वीर्यनलिका आणि रक्तवाहिन्या या तोंडापाशीच एकत्र येतात. तिथे पोहोचलो की थिएटरमधल्या गप्पा बंद होतात. अस्तर त्यांच्यापासून सुटत नसेल तर थोडं सलाईन टोचून ते वर उचलून घेतो, मग सुई मधून काढतो.

दुर्बिणीचा खरा उपयोग वेगळाच आहे: दुसरी बाजू दिसते. तिथेही वाट उघडी असेल तर त्याच भुलीत बंद करता येते. पण उघडी दिसली म्हणजे पुढे हर्निया होणारच, असं नाही. एका बाजूच्या ऑपरेशननंतर दुसरीकडे हर्निया होणारी मुलं दहांत एकाहूनही कमी. म्हणून ती बंद करावी का, यावर आमच्यात अजून वाद आहेत. मी आईवडिलांना आधीच विचारून ठेवतो. मुलींमध्ये वीर्यनलिका नसल्यानं दुर्बिणीचं काम सोपं. छेदानंतर पुन्हा उद्भवलेल्या हर्नियातही मी दुर्बीणच घेतो, कारण जुन्या वणात हात घालावा लागत नाही.

किंमतही आहे. दुर्बिणीसाठी पूर्ण भूल आणि सहसा श्वासनलिकेत नळी लागते, बिलही वाढतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वास भुलीनंतर मध्येच थांबू शकतो, म्हणून त्याला रात्रभर मॉनिटरवर ठेवावं लागतं. अशा बाळाला कधी कधी पाठीतून सुन्न करून छेदानं करणं मला बरं वाटतं. सरावलेल्या हातात दोन्ही पद्धतींत हर्निया परत येण्याचं प्रमाण कमीच असतं. जवळच्या शहरात छेदानं नेहमी करणारे बालशल्यचिकित्सक असतील आणि दुर्बिणीसाठी मुंबई-पुण्यात तीन महिन्यांनंतरची तारीख मिळत असेल, तर चार महिन्यांच्या बाळाला त्या तारखेसाठी ताटकळत ठेवू नका.