केबल तोडली, आता बंडल घ्यायचं का?

नमस्कार मंडळी.

अमेरिकेतल्या मराठी घरांत जेवायला गेलो की हल्ली हा विषय हमखास निघतो. केबल बंद केली होती ती पैसे वाचवायला. मग नेटफ्लिक्स आलं, मुलांसाठी डिझ्नी आलं, मॅचसाठी आणखी काहीतरी आलं. एक दिवस कार्डाचं स्टेटमेंट बारकाईने बघितलं आणि वाटलं, यापेक्षा केबल काय वाईट होती? नेमकी त्याच वेळी जाहिरात समोर येते: तीन सेवा एकत्र घ्या, इतके इतके वाचवा.

घ्यायचं का? माझं मत आधीच सांगतो. बहुतेक घरांना बंडलची गरज नाही. काही घरांना ते खरंच परवडतं. तुमचं घर कुठल्या बाजूला आहे, हे कागद-पेन घेऊन बसलात तर दहा मिनिटांत कळेल.

आधी एक घोळ दूर करू. बंडल या एकाच शब्दात दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली म्हणजे यूट्यूब टीव्ही, हुलू प्लस लाइव्ह टीव्ही, स्लिंग वगैरे. यात चालू चॅनेल असतात, म्हणजे तुमची जुनी केबलच, फक्त वायर बदललेली. दुसरी म्हणजे अ‍ॅपचं बंडल: डिझ्नी प्लस, हुलू आणि एचबीओ मॅक्स एकत्र, असं. दोन्हींचा हिशेब निराळा आहे.

चॅनेलवाल्या बंडलपासून सुरुवात करतो, कारण खिसा खरा तिथे कापला जातो.

[स्क्रीनवर: यूट्यूब टीव्हीचे दर, वर्षानुसार]

यूट्यूब टीव्ही एप्रिल २०१७ मध्ये सुरू झालं तेव्हा महिन्याला ३५ डॉलर होते. २०१८ मध्ये ४०. २०१९ मध्ये ५०. २०२० मध्ये ६५. २०२३ मध्ये ७३. आणि जानेवारी २०२५ पासून ८३. आठ वर्षंही पूर्ण झाली नाहीत आणि दर दुपटीच्या पुढे गेला. हुलू लाइव्ह २०१७ मध्ये ४० डॉलरला आलं होतं, ऑक्टोबर २०२५ मध्ये ते ९० वर पोचलं.

हे वाढतं का, ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा वाढलं तर धक्का बसणार नाही. यूट्यूब टीव्हीच्या मालकीचे हे चॅनेल नाहीत. दर ग्राहकामागे, दर महिन्याला, चॅनेलच्या मालकांना पैसे द्यावे लागतात. त्यातही खेळांचे चॅनेल सर्वांत महाग, कारण लीगना द्यायच्या हक्कांच्या रकमा दर करारात फुगत जातात. एबीसी, एनबीसी यांच्यासारखी अँटेनावर फुकट दिसणारी स्टेशनंसुद्धा केबल कंपनीकडून पैसे मागू शकतात. १९९२ च्या केबल कायद्याने त्यांना तो हक्क दिला. आणि मालक एकेकटा चॅनेल सहसा विकत नाही. ईएसपीएन हा खेळांचा चॅनेल हवा असेल तर बाकीचा गठ्ठाही घ्या, असा व्यवहार असतो. ती सक्ती जशीच्या तशी तुमच्या बिलात उतरते. तुम्ही आयुष्यात कधी न लावलेल्या चाळीस चॅनेलचे पैसे तुम्ही देता.

आणि सौदा फिसकटला तर? ३० ऑक्टोबर २०२५ च्या रात्री यूट्यूब टीव्हीवरून डिझ्नीचे सगळे चॅनेल गेले. ईएसपीएन गेला, एबीसी गेला, तेही ऐन अमेरिकन फुटबॉलच्या मोसमात. १४ नोव्हेंबरला करार झाला तेव्हा ते परत आले. मधले दोन आठवडे लोकांनी पैसे भरले होते आणि मॅच नव्हती. यूट्यूबने २० डॉलरची सूट देऊ केली, हे खरं. पण केबलच्या काळातही हेच व्हायचं. २०२३ मध्ये डिझ्नी आणि चार्टर ही केबल कंपनी यांचं अकरा दिवस असंच भांडण चाललं होतं. केबल तोडून आपण त्या भांडणातून बाहेर पडलो, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात घ्यावं. चालू चॅनेलचा गठ्ठा घेतलात की तुम्ही पुन्हा त्यांच्या मध्ये उभे आहात.

मग कोणी घ्यावं? खेळ बघणाऱ्यांनी. पण त्यांनीही बारा महिने घेऊ नये. ८३ गुणिले बारा म्हणजे वर्षाचे जवळपास १००० डॉलर. एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचा मोसम सप्टेंबरात सुरू होतो आणि फेब्रुवारीत सुपर बोल या अंतिम सामन्याने संपतो. सहा महिने. सहा महिन्यांचे ५०० पेक्षा कमी होतात. उरलेले ५०० डॉलर तुम्ही कशासाठी देताय, हा प्रश्न घरातल्या सगळ्यांसमोर ठेवा.

आता तर त्याहून स्वस्त वाट आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ईएसपीएनने थेट ग्राहकाला विकायला सुरुवात केली, महिन्याला ३० डॉलर. त्याच दिवशी फॉक्स वन हे फॉक्सच्या चॅनेलचं अ‍ॅप आलं, २० डॉलर. दोन्ही एकत्र ४०. सीबीएस आणि एनबीसी अँटेनावर फुकट. म्हणजे फुटबॉलचा बराचसा भाग अर्ध्याहून कमी पैशात. सगळा नाही. गुरुवारचे सामने २०२२ पासून अ‍ॅमेझॉनकडे आहेत, नाताळचे सामने २०२४ पासून नेटफ्लिक्सकडे आहेत. पण ते सामने ८३ डॉलरच्या गठ्ठ्यातही मिळत नाहीत.

आता अ‍ॅपच्या बंडलकडे येऊ. इथे मला जरा थांबायचंय, कारण इथली चूक चटकन दिसत नाही.

[स्क्रीनवर: तीन सेवा, जाहिरातींसह, ऑक्टोबर २०२५ च्या दरवाढीनंतर]

डिझ्नी प्लस ११ डॉलर ९९ सेंट. हुलू तेवढंच. एचबीओ मॅक्स १०.९९. बेरीज ३४.९७. तिन्हींचं बंडल १९.९९. वाचले १५ डॉलर, म्हणजे ४३ टक्के. हिशेबात काही खोट नाही. खोट आहे ती तुलनेत. ही तुलना अशा माणसाशी केलीय, जो तिन्ही सेवा बाराही महिने वेगवेगळ्या घेणार होता. तो माणूस तुम्ही आहात का?

दुसरा हिशेब करून बघा. चार महिने डिझ्नी, मग ते बंद. चार महिने हुलू, मग ते बंद. चार महिने मॅक्स. ४७.९६ अधिक ४७.९६ अधिक ४३.९६. वर्षाचे १३९ डॉलर ८८ सेंट. आणि बंडल बारा महिने? २३९ डॉलर ८८ सेंट. बरोब्बर १०० डॉलरचा फरक. तीच तीन दुकानं, त्याच मालिका, फक्त एका वेळी एकच दार उघडं.

केबलमध्ये आपल्याला काय खुपत होतं, आठवतंय? फक्त दर नव्हे. बंद करायला गेलं की फोनवर तासभर ताटकळवणं, वर्षाचा करार, मोडला तर दंड, खोका परत करायला रांग. स्ट्रीमिंगने आपल्याला खरं दिलं ते एवढंच: दोन बटणं दाबायची, या महिन्यात सेवा बंद. पुढच्या महिन्यात हवी तर पुन्हा सुरू. कंपन्यांना नेमका याचाच त्रास होतो. लोक येतात, मालिका बघतात, निघून जातात. त्याला ते चर्न म्हणतात. बंडलची सूट ही त्या गळतीवरचा उपाय आहे. तीनपैकी एक तरी सेवा कोणीतरी बघत असतंच, म्हणून घरात कोणी बंद करा म्हणत नाही. तुम्हाला मिळालेली सूट ही तुम्ही सोडून दिलेल्या त्या बटणाची किंमत आहे. कधीकधी ती चांगली किंमत असते. पण आपण काहीतरी विकतोय, हे माहीत असावं.

ही युक्ती जुनी आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत टीव्ही स्टेशनांना चांगले सिनेमे हवे असतील तर त्यांच्यासोबत रद्दी सिनेमेही घ्यावे लागायचे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६२ मध्ये न्यायालयाने ती सक्ती बेकायदा ठरवली. पुढच्याच वर्षी जॉर्ज स्टिगलर या अर्थशास्त्रज्ञाने असे गठ्ठे बांधण्यात विक्रेत्याचा फायदा कुठे असतो, याचं गणित मांडलं. सोप्या आकड्यांत सांगतो, आकडे माझे आहेत.

एका घराला खेळ ४० डॉलरचे वाटतात, मालिका १० च्या. दुसऱ्या घराला खेळ १५ चे, मालिका ३५ च्या. सुटं विकलं तर कंपनी खेळ ४० ला एका घराला विकेल, मालिका ३५ ला दुसऱ्या घराला. मिळाले ७५. आता दोन्हींचा गठ्ठा ५० ला ठेवा. दोन्ही घरांची बेरीज ५०च आहे, दोघंही घेतील. मिळाले १००. दोघांना सगळं मिळालं, कोणाची फसवणूक झाली नाही. पण नीट बघा: दोघांनीही स्वतःच्या शेवटच्या डॉलरपर्यंत मोजले. वर काहीच उरलं नाही. बंडलचा दर असाच ठरतो, तुम्ही जास्तीत जास्त कितीला हो म्हणाल त्याच्या अगदी जवळ.

कोणासाठी बंडल खरंच चांगलं, तेही सांगतो. घरात पाच-सहा जण आहेत, लहान मुलं रोज डिझ्नी बघतात, आजी-आजोबांचं वेगळं, तुमचं वेगळं, आणि तिन्ही सेवा दर आठवड्याला लागतात. अशा घराने खुशाल घ्यावं. तिथे सेवा आलटून पालटून लावायला गेलात तर मुलं रडणार, आणि त्या शांततेलाही किंमत आहे. डिझ्नी आणि हुलू या दोघांचं जोडबंडल १२.९९ ला आहे, एकट्या डिझ्नीपेक्षा फक्त एक डॉलर जास्त. डिझ्नी ठेवणारच असाल तर ते घ्या, त्यावर विचार करायला वेळ घालवू नका.

फोन किंवा इंटरनेट कंपनीकडून मिळणारी बंडलं हा तिसरा प्रकार. व्हेरायझनने २०२३ च्या अखेरीस नेटफ्लिक्स आणि मॅक्स, जाहिरातींसह, १० डॉलरला देऊ केलं. कॉमकास्टने मे २०२४ मध्ये नेटफ्लिक्स, पीकॉक आणि अ‍ॅपल टीव्ही प्लस मिळून १५ डॉलरला. दर चांगले होते. पण त्यासाठी आधी त्यांचे ग्राहक असायला हवं. आधीपासूनच असाल तर जरूर बघा. दोन सेवांसाठी महागडा फोन प्लॅन घेऊ नका. आणि आपल्याकडे आधीच काय आहे, ते तपासा. वॉलमार्ट प्लसचं सदस्यत्व असलेल्या कितीतरी घरांना पॅरामाउंट प्लस त्यातच मिळतं, तरी ते वेगळे पैसे भरतात.

आमच्या घरातली गोष्ट सांगतो. बाबा पाच महिने आले होते. त्यांच्यासाठी क्रिकेटची एक सेवा घेतली. ते परत गेल्यावर ती पुढचे सात महिने चालू राहिली. कोणी एकदाही लावली नाही. मला त्या पैशांपेक्षा या गोष्टीचं जास्त वाईट वाटलं, की मी दर महिन्याला ते स्टेटमेंट बघत होतो आणि माझ्या डोळ्यांना ती ओळ दिसतच नव्हती. तेव्हापासून मी सेवा सुरू करतो त्याच मिनिटाला ती रद्द करतो. बहुतेक ठिकाणी भरलेला महिना संपेपर्यंत बघता येतं. गंमत म्हणजे महिना संपल्यावर पुन्हा सुरू करावीशी वाटली, असं मोजक्याच वेळा झालं. रद्द करणं सुरू करण्याइतकंच सोपं हवं, असा नियम एफटीसी या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये केला होता. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने तो रद्द ठरवला. त्यामुळे ही काळजी आपली आपणच घ्यायची आहे.

ज्यांनी केबल अजून तोडलेली नाही, त्यांच्यासाठी एक गोष्ट. टीव्ही बंद करण्याआधी कंपनीला विचारा, नुसत्या इंटरनेटचा दर काय पडेल? आम्ही तोडली तेव्हा दोन्हींवर मिळणारी सूट गेली आणि इंटरनेट महागलं. वाचतील असं वाटलेल्या रकमेतला मोठा भाग तिथेच गेला. बिलातल्या ब्रॉडकास्ट टीव्ही फी आणि रीजनल स्पोर्ट्स फी या ओळीही बघा, जाहिरातीतल्या दरात त्या कित्येक वर्षं धरलेल्याच नसायच्या.

शेवटी अँटेना. लोक याकडे ढुंकूनही बघत नाहीत, आणि मला याचं फार वाईट वाटतं. एकदाच विकत घ्यायचा, महिन्याचं बिल शून्य. एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स, पीबीएस, तेही एचडीमध्ये. आधी एफसीसीच्या, म्हणजे प्रसारणावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, वेबसाइटवर डीटीव्ही नकाशात आपला पत्ता टाका. कुठलं स्टेशन किती जोरात येतं, कुठल्या दिशेने येतं, सगळं दिसतं. तिथे आणखी एक रकाना आहे, स्टेशन कुठल्या लहरींवर येतं त्याचा: व्हीएचएफ की यूएचएफ. तो वाचा. भिंतीला चिकटवायचे चपटे अँटेना यूएचएफ चांगलं पकडतात, व्हीएचएफला कच्चे असतात. आमच्याकडे सगळं यायचं, एक मोठं स्टेशन येत नव्हतं. मी अँटेना खराब आहे म्हणून परत करायला निघालो होतो. नकाशात बघितलं तर ते स्टेशन व्हीएचएफवर होतं. दोन लांब दांड्यांचा जुन्या पद्धतीचा अँटेना आणला, टॉवरच्या दिशेच्या खिडकीत ठेवला, टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चॅनेल पुन्हा स्कॅन केले, आणि चित्र लख्ख आलं. आज संध्याकाळी तुमचा पत्ता त्या नकाशात टाकून बघा. पाचपैकी चार स्टेशनं हिरवी, म्हणजे जोरात येणारी, दिसली तर ८३ डॉलरबद्दल घरात बोलायला हरकत नाही.