जत्रेतला इलेक्ट्रॉन

(रत्नागिरीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवात हापूसपासून करतो. समोर निम्मे बागायतदार बसलेत, थेट इलेक्ट्रॉनवर आलो तर सगळे घड्याळं बघाल. 2007 पासून आपला आंबा अमेरिकेला जातो तो एका अटीवर: त्याला किमान 400 ग्रे (ग्रे हे विकिरणाच्या मात्रेचं एकक) विकिरण मिळालं पाहिजे, म्हणजे कोयीतली कीड पुढे वाढत नाही. कोबाल्ट-60 या किरणोत्सारी धातूचे गॅमा किरण पेटीत शिरतात, पण मोडतोड ते स्वतः फारशी करत नाहीत. ते इलेक्ट्रॉनाला ढकलतात. तो लाखो इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा घेऊन सुटतो (हे ऊर्जेचं एकक, पुढे त्याला नुसतं व्होल्ट म्हणतो) आणि वाटेत हजारो इलेक्ट्रॉन मोकळे करतो. त्यातले बहुतेक गरीब, खिशात काही दहा व्होल्ट. पण या गरिबांना कमी लेखू नका. 2000 साली कॅनडात लिओन सांश यांच्या गटाने दाखवलं, की 3 ते 20 व्होल्टचे इलेक्ट्रॉनही डीएनएचे धागे तोडतात.

म्हणून प्रश्न असा, की हा गरीब इलेक्ट्रॉन पैसे कुठे आणि किती खर्च करतो?

आंगणेवाडीची जत्रा आठवा. धावत पार होणारा माणूस दर पावलाला कमी खर्च करतो, रेंगाळणारा जास्त. पदार्थातून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनाचंही तसंच, त्याचे पैसे म्हणजे ऊर्जा. भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथे यांनी 1930 मध्ये याचं सूत्र दिलं. त्यात प्रत्येक पदार्थासाठी एकच आकडा लागतो, जत्रेतल्या सगळ्या वस्तूंची एक सरासरी किंमत म्हणा ना. सोन्यासाठी ती साधारण 790 व्होल्ट. खिसा भरलेला असेल तर सूत्र सुरेख चालतं.

आता खिशात 500 व्होल्ट घेऊन सोन्यात शिरा. सूत्रातला लॉगॅरिदम ऋण होतो. याचा अर्थ दुकानदारच तुम्हाला पैसे देतात! असली जत्रा मला कुठे सापडलेली नाही. सोन्यात साधारण 680च्या खाली हा चमत्कार सुरू होतो. सूत्राला थोडं ठिगळ लावून लोकांनी बरीच वर्षं काम चालवलं, पण ठिगळ ते ठिगळच.

चूक सरासरीत आहे. 790च्या जत्रेत पाच रुपयांची चिक्कीही असतेच. गरिबाचा हिशेब मांडायचा तर पूर्ण भावफलक लागतो. तो मिळतो प्रकाशाकडून. पदार्थ कोणत्या ऊर्जेचा प्रकाश किती शोषतो, किती परावर्तित करतो हे मोजलं, की त्यातून ऊर्जाऱ्हासाचं फलन काढता येतं, म्हणजे इलेक्ट्रॉन कोणत्या किमतीची खरेदी किती सहज करेल याचा आलेख. त्यात अॅल्युमिनियमला 15 व्होल्टशी टोकदार शिखर दिसतं. तिथे एकेकटा इलेक्ट्रॉन हलत नाही, सगळे मिळून झुलतात. शिमग्यात पालखी नाचवताना एकाला धक्का लागला की अख्खा घोळका हलतो, तसं. याला प्लाझ्मॉन म्हणतात.

अडचण एकच. प्रकाश बाहेर उभा राहून भाव विचारतो, इलेक्ट्रॉन आत घुसून ढुशी मारतो. प्रकाशकणाकडे संवेग जवळजवळ नसतो, इलेक्ट्रॉनाकडे भरपूर. मग ढुशी लागल्यावर भाव कसे बदलतात? भौतिकशास्त्रज्ञ लिंडहार्ड यांनी 1954 मध्ये आदर्श इलेक्ट्रॉन-वायूसाठी, म्हणजे वायूसारख्या मोकळ्या फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांसाठी, ते सोडवलं. पेन या दुसऱ्या भौतिकशास्त्रज्ञाने 1987 मध्ये त्याला मोजलेला भावफलक जोडला: खऱ्या धातूचा फलक अनेक आदर्श वायूंचे तुकडे जोडून बनला आहे असं मानायचं. मला ही युक्ती फार आवडते. थोडी जुगाडू आहे, पण 200 व्होल्टच्या वर छान उत्तरं देते.

50 ते 100 व्होल्टच्या आसपास इलेक्ट्रॉन सर्वांत लवकर लुटला जातो. दोन खरेद्यांमधलं अंतर अर्धा नॅनोमीटर, म्हणजे दोन-तीन अणू. त्याखाली गंमत उलटते. खिशात 8 व्होल्ट आणि प्लाझ्मॉन 15चा, तर घेणार काय? तो पुन्हा लांब चालू लागतो. विद्युतरोधकात तर ठरावीक मर्यादेखाली एकही वस्तू परवडत नाही, फक्त अणूंच्या कंपनांना चिल्लर द्यायची, एकेका वेळी व्होल्टचा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी. या चिल्लरीच्या हिशेबात आमची गणितं अजून आपसात भांडतात, आणि आंब्यातलं पाणी नेमकं त्याच भागात येतं.